पुढचं वचन माझ्याकडे होतं

पाळक शांतवन गायकवाड यांची आणि माझी पहिली भेट कनेरगाव नाक्यावर झाली. नव्वद-एक्क्याण्णव सालची गोष्ट. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता. ख्रिस्ती मंडळीच्या वसतिगृहावर अधीक्षक म्हणून रुजू व्हायला मी वाशिमकडून निघालो होतो. नाक्यावर गाडी चहासाठी थांबली, तेव्हा पांढरा पायजमा, जाडाभरडा शर्ट आणि टायरच्या चपला घातलेले एक उंच गृहस्थ खिडकीखाली येऊन उभे राहिले. माझ्या ट्रंकेकडे बघून म्हणाले, "वसतिगृहाचे नवे मास्तर तुमीच का?"

मी हो म्हणालो. ते म्हणाले, "मी शांतवन. मागचे मास्तर याच नाक्यावरून परत गेले. चहा प्याला उतरले, समोर वाशिमची गाडी उभी दिसली, बसले तिच्यात. म्हणून म्हणलं, या टायमाला आपण नाक्यावरच उभं राहावं."

मी पळून जाऊ नये म्हणून हिंगोलीचे पाळक पहिल्या गाडीने तिथवर आले होते. त्यांनी मला गरम भजी खाऊ घातली आणि उरलेल्या वाटेत माझ्या शेजारी बसून बारा गावांतल्या मंडळ्यांची नावं सांगितली. पळण्याचा विचार माझ्या मनात नव्हता असं नाही. पण मला खिडकीच्या बाजूला बसवून वाटेच्या बाजूला ते स्वतः बसले होते.

त्यांना मी शिस्तीने 'पाळकसाहेब' म्हणालो. ते म्हणाले, साहेब नको. मग मी 'गुरुजी' म्हणालो. ते म्हणाले, प्रभूंनी साफ सांगितलंय, गुरुजी म्हणवून घेऊ नका. 'बाबा' म्हणू का, असं विचारलं, तर तेही त्याच अध्यायात मना केलेलं. मी वैतागून म्हणालो, "मग प्रेषित पौल एका मंडळीला 'मीच तुमचा बाप' असं कसं लिहितो?" त्यांचा चेहरा उजळला. "हे बराबर बोललात. दोन्ही लिहिलेलं हाय. त्याच्यावर आपण एकदा बसू. तवर मला मामा म्हणा. मामा म्हणू नका असं सबंध शास्त्रात कुठंच न्हाई."

तेव्हापासून ते सगळ्या तालुक्याचे शांतवनमामा आहेत आणि त्यांच्या पत्नी सुशीलाबाई आमच्या मामी. मामांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला पाठवलेल्या पत्रात, आठवणी सुखद असाव्यात, असं नम्रपणे सुचवलं आहे. जिथवर सुखद आहेत तिथवर मी सुखदच लिहीन. पुढे संपादकांनी मला माफ करावं.

मामांच्या कामाविषयी इतर मान्यवर लिहितीलच. त्यांची सायकल, उन्हातान्हातली गावं, आजाऱ्यांच्या भेटी हे सगळं खरं आहे. मला लिहायचं आहे ते रविवारच्या दुपारच्या बैठकीविषयी. बाहेरच्या कुणाला ती ठाऊक नाही, आणि ठाऊक नसल्यानेच पुढचा सगळा घोटाळा झाला.

या बैठकीला आमच्याकडे 'अदलाबदल' म्हणत. तिचं मूळ मंडळीत नव्हतं, हे मामा स्वतःच सांगत. शिरड शहापूरकडच्या एका तांड्यात रामधन नाईक म्हणून वृद्ध गृहस्थ होते. हिंदू, पण मामांचे जुने स्नेही. त्यांच्याकडे दोन भावांचा बांधाचा तंटा आला की ते एक अट घालत. थोरल्याने धाकट्याची तक्रार सांगायची आणि धाकट्याने थोरल्याची. समोरचा 'हां, बराबर सांगितली' असं म्हणेपर्यंत स्वतःची तक्रार मांडायची नाही. मामांनी ही रीत उचलून मंडळीत आणली. ते म्हणत, "शास्त्रातली किती तरी वचनं सख्ख्या भावासारखी समोरासमोर उभी हायेत. त्यायचा तंटा कोण मिटवणार? नाईकाचीच युक्ती चालवू."

आमच्यात मतभेद झाला की मामा दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवत. मध्ये शास्त्राची, म्हणजे बायबलची, एकच प्रत. आपल्या सोयीचं वचन आपण वाचायचं नाही, ते समोरच्याने वाचायचं. आपण वाचायचं ते आपल्याला टोचणारं, समोरच्याच्या बाजूचं. वाचून झालं की पुस्तक त्याच्याकडे सरकवायचं आणि गप्प बसायचं. त्याचं वाचून होईपर्यंत दुसरा शब्द नाही. पहिल्या रविवारी मला हा पोरखेळ वाटला. मी शिस्तीचा माणूस. घंटा झाली की जेवण, घंटा झाली की प्रार्थना. ज्याला त्याला आपलं वचन वाचू द्या आणि बहुमत घ्या, असं माझं मत होतं.

पण एक प्रसंग असा घडला की माझं मत बदललं. पाळकासाठी कुणीतरी एक मोठी हाताची खुर्ची भेट दिली होती. मामा तीत कधी बसत नसत, सतरंजीवर बसत. आमचे ज्येष्ठ पंच येशुदासराव यांना हा पाळकाच्या पदाचा अपमान वाटे. झाली अदलाबदल. मामांना वाचावं लागलं ते, चांगली सेवा करणाऱ्या मंडळीच्या वडिलांना, म्हणजे पाळक-पुढाऱ्यांना, दुप्पट मान द्यावा, हे. येशुदासरावांना वाचावं लागलं ते, तुमच्यात जो मोठा होऊ पाहतो त्याने सर्वांचा चाकर व्हावं, हे. येशुदासराव वाचता वाचता अडखळले. पुस्तक ठेवून म्हणाले, "माझं चुकलं, मामा. बसा तुमी सतरंजीवर." पण तोवर मामा उठून खुर्चीत जाऊन बसले होते! म्हणाले, "आता आपल्याच तोंडानं वाचलं ना म्या. लोकायला मान द्यायचा असंल तर न्हाई म्हणणारा मी कोण?" त्या दिवशी दोघंही हरले, आणि सगळी मंडळी पोट धरून हसली.

मी एकदा मामांना विचारलं, या विरोधी वचनांचा शेवटी मेळ कसा घालायचा? एक वचन सांगतं, तुमच्या पुढाऱ्यांचं ऐका, ते तुमच्या जिवांची राखण करतात. दुसरं सांगतं, कळपावर धनीपण गाजवू नका. मामा म्हणाले, "मेळ घालायचाच न्हाई, मास्तर. पयलं मंडळीनं वाचायचं, दुसरं पाळकानं. पाळक मंडळीचं वचन वाचून दाखवू लागला अन् मंडळी पाळकाचं, की समजा घर फुटलं." धर्मशिक्षणाचे मी जेवढे वर्ग केले त्यात याहून सोपं उत्तर मला मिळालं नाही.

त्यांच्या मायेविषयी एकच सांगतो. आम्ही नवे असताना माझ्या पत्नीला कावीळ झाली. तिला घेऊन मी तीन आठवडे सासुरवाडीला होतो. रजा शिल्लक नव्हती आणि अर्ज करायची माझी हिंमत नव्हती. त्या तीन आठवड्यांत वसतिगृहाची घंटा मामांनी वाजवली, हजेरी मामांनी घेतली, मुलांच्या ताटात वरण मामांनी वाढलं. परत आलो तेव्हा हजेरीपटावर त्यांचं मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरातलं लेखन होतं. वरिष्ठांपर्यंत चकार शब्द गेला नाही. माझी जागा टिकली ती त्यांच्यामुळे. ज्या जागेसाठी मी पुढे गप्प बसलो ती हीच जागा, म्हणून हे लिहून ठेवलं.

आता सुखद नसलेला भाग.

सिद्धेश्वरच्या धरणाजवळच्या एका वस्तीत आमची पाच-सहा घरांची मंडळी होती. ती सांभाळत होत्या सुंदराबाई नावाच्या एक विधवा बाई. रोजंदारीने शेतात जात. अक्षरओळख नाही, पण तीस वर्षं ऐकून ऐकून सबंध उपासना तोंडपाठ. त्यांचे थोरले दीर भिकाजीबाबा अगदी शेवटच्या घटका मोजत होते आणि त्यांना प्रभुभोजन, म्हणजे प्रभूंच्या आठवणीचा पाव आणि द्राक्षरस, घ्यायचं होतं. निरोप आला तेव्हा मामा स्वतः टायफॉईडने अंथरुणाला खिळलेले. उठून बसवलं तरी तोल जाई. शेजारच्या पाळकांकडे माणूस धाडला, तर ते सभेसाठी बाहेरगावी गेलेले.

मामांनी मला बोलावलं. म्हणाले, "मास्तर, तुमी जाऊन देता का?"

मी म्हणालो, "मामा, मला पाळकाची दीक्षा नाही. अधिकार नाही."

त्यांनी उशाकडचा कागद ओढला. मग म्हणाले, "मंग सुंदराबाई देईल. अधिकार तिला बी न्हाई. पण ती न्हाई म्हणणार न्हाई."

हे वाक्य त्यांनी मला टोमणा म्हणून मारलं नव्हतं. मला मात्र ते आजही टोमण्यासारखं ऐकू येतं. त्यांनी पडल्या पडल्या दोन ओळींची चिठ्ठी लिहिली. मामींनी मनुका भिजवून, कुस्करून, फडक्यातून रस गाळला आणि औषधाच्या स्वच्छ बाटलीत भरला. पाव डब्यात घातला. ते घेऊन मी औंढ्यापर्यंत एस.टी.ने आणि पुढे एका जीपमधून गेलो.

चिठ्ठी मी वाचून दाखवली. सुंदराबाई घाबरल्या. "मी? माझ्या हातानं?" असं दोनदा विचारलं. मग उठल्या, राखेने हात घासले, धुतले, पुन्हा धुतले. डोक्यावरून पदर घेतला आणि सगळे शब्द जसेच्या तसे म्हटले, कुठे अडल्या नाहीत. भिकाजीबाबांच्या ओठांना प्याला लावताना म्हणाल्या, "घ्या भाऊजी, तुमच्यासाठी हाय." घरातल्या चौघांना दिलं. मग माझ्यासमोर आल्या. मी हात पुढे केला आणि घेतलं. अधिकाराचा विचार त्या क्षणी माझ्या मनात आला नाही. बाहेर कुणाची तरी बकरी ओरडत होती आणि भिकाजीबाबा रडत होते, एवढंच आठवतं.

चौथ्या दिवशी भिकाजीबाबा वारले. माती द्यायला गेलेल्या लोकांकडून गोष्ट येशुदासरावांच्या कानावर गेली. त्यांना ती मनापासून लागली. त्यांनी मामांनाच विचारलं, मामांनी होय म्हणून सांगितलं, आणि येशुदासरावांनी पाळकांवर देखरेख करणाऱ्या वरच्या सभेला पत्र लिहिलं. मंडळीच्या वडिलांवरचा आरोप दोघातिघा साक्षीदारांवाचून ऐकू नये असं शास्त्रात आहे. एक साक्षीदार येशुदासराव झाले. दुसरा कोण, हे उघड होतं. त्या खोलीत हजर असलेला, लिहितावाचता येणारा माणूस एकच होता.

चौकशी समितीचे तीन जण जीपने आले. सकाळी अकराच्या सुमारास मंडळीच्या देवळातच बसले. त्यांतल्या अध्यक्षांकडे वसतिगृहांचाही कारभार होता. आत जाण्यापूर्वी पायऱ्यांवर ते मला म्हणाले, "मास्तर, तुमच्या जागेचा विषय पुढच्या सभेत येणार आहे बरं का." धमकी म्हणावी इतका आवाज कडक नव्हता. सहज म्हणाले असतील. मी मात्र ते सहज घेतलं नाही.

मला विचारलं, बाईंनी प्रभुभोजन दिलं हे तुम्ही पाहिलं? मी म्हणालो, पाहिलं. हे खरं होतं. मी स्वतः घेतलं हेही तितकंच खरं होतं, पण ते कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मामांनी आधी मला विचारलं होतं, हेही नाही.

मग अध्यक्षांनी मामांना विचारलं, "आपण परवानगी दिलीत?"

"व्हय."

"कोणत्या शास्त्राधाराने?"

मामा आजारातून नुकते उठले होते. शर्ट अंगावर लोंबत होता. त्यांनी टेबलावरचं शास्त्र उघडलं, पान शोधलं आणि वाचलं. वाचलं ते काय? आपल्या पुढाऱ्यांच्या आज्ञेत राहा, त्यांना हिशेब द्यायचा आहे, हे. स्वतःच्या विरुद्धचं वचन! वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक टेबलावरून माझ्याकडे सरकवलं, हात मांडीवर ठेवले आणि गप्प बसले.

त्या देवळात बसलेल्या हिंगोलीच्या प्रत्येक माणसाला कळलं की ही अदलाबदल आहे. येशुदासरावांनाही कळलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. परगावच्या तिघांना मात्र काहीच कळलं नाही. त्यांच्या दृष्टीने एका पाळकाने आपल्यावरचा आरोप शास्त्र वाचून मान्य केला होता.

मी आरोपाच्या बाजूचा साक्षीदार. म्हणजे मामांच्या बाजूचं वचन मी वाचायचं होतं. कोणतं, हे मला ठाऊक होतं. प्रभूंच्या नावाने काम करणाऱ्या एका माणसाला शिष्य मनाई करतात, कारण तो त्यांच्यातला नाही, आणि प्रभू म्हणतात, त्याला मना करू नका. पान कोणतं, स्तंभ डावा की उजवा, हेसुद्धा माहीत होतं. मामा माझ्याकडे बघत होते. त्या बघण्यात राग नव्हता, विनवणीही नव्हती. रविवारी दुपारी बघत तसंच, वाट बघणं होतं.

मी पुस्तक मिटलं आणि परत टेबलाच्या मध्यावर ठेवलं.

अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे आपल्याला मान्य आहे तर." मामा काही बोलले नाहीत. माझं वाचून झाल्याशिवाय ते बोलणार नव्हते. चिटणिसांनी लिहिलं की पाळकांनी आपली चूक शास्त्रवचन वाचून स्वतः कबूल केली. त्याखाली येशुदासरावांनी सही केली, आणि त्यांच्याखाली मी.

मामांचा प्रभुभोजन देण्याचा आणि बाप्तिस्मा करण्याचा अधिकार काढून घेण्यात आला. त्यांना तेव्हा साठावं लागलं होतं. साठीचा आहेर म्हणून आम्ही त्यांना हे दिलं. त्यांनी घर बदललं, गाव सोडलं नाही. नवे पाळक आले, त्यांच्या मागच्या रांगेत सतरंजीवर मामा बसू लागले. सायकलवरून आजाऱ्यांकडे जाणं चालूच राहिलं. माझ्याशी ते पूर्वीसारखेच बोलत. वसतिगृहात आले की मुलांना विचारत, "मास्तर मारतेत का?" आणि हसत. त्यांनी एकदा तरी शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं.

सिद्धेश्वरच्या मंडळीचं मात्र बरं झालं नाही. नव्या पाळकांच्या अंगावर बारा गावं, त्यांचं तिकडे जाणं वर्षातून एखादं. दोन घरं कामासाठी पुण्याकडे गेली, बाकीची हळूहळू पांगली. चौकशीनंतर काही दिवसांनी सुंदराबाई मला औंढ्याच्या बाजारात भेटल्या. भाजीवाल्याच्या गोणीआड मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "मास्तर, एक विचारू का? माझ्या हातचं भाऊजीनं घेतलं, ते मंग वाया गेलं का? त्यायचं तिकडं कसं झालं असंल?"

मी म्हणालो, "तसं काही नसतं, बाई," आणि गाडीची वेळ झाली असं सांगून निघालो. गाडीला अजून तास होता.

दिवस असेच गेले. हिंगोली जिल्हा झाला, वसतिगृहाला नवी इमारत झाली, मी तिथूनच निवृत्त झालो. गौरवग्रंथाचं पत्र हातात पडलं तेव्हा मात्र मला राहवेना. मामांकडे गेलो आणि म्हणालो, लेखात हे सगळं लिहिणार आहे. ते दाराशी बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते.

"लिव्हा," ते म्हणाले. "पण समितीवाल्यायची बाजू बी लिव्हा. ती न लिव्हता माझी लिव्हली तर ते बराबर न्हाई."

म्हणून लिहितो. त्या वर्षांत आमच्या भागात हात ठेवून आजार बरे करतो म्हणणारे भोंदू गावोगाव फिरत होते आणि भोळ्या माणसांना नाडत होते. प्रभूंच्या नावाने काम करतो असं तेही म्हणत. ज्याला वाटलं त्याने उठावं आणि प्याला द्यावा, असं झालं तर कळप कुणाच्या हाती जाईल, ही समितीची काळजी खोटी नव्हती. सगळं शिस्तीने आणि नीटनेटकं व्हावं, हेही शास्त्रातच आहे. माझ्यासोबत नाही तो माझ्याविरुद्ध, हेही प्रभूंचंच बोलणं आहे. त्या तिघांनी जे ऐकलं त्यावर निकाल दिला. त्यांना अर्धंच ऐकू आलं, यात त्यांचा दोष नाही. येशुदासरावांचाही नाही. ते गेली कित्येक वर्षं दर नाताळला मामांच्या घरी फराळाचा डबा घेऊन जातात आणि दारातूनच परत येतात.

हे लिहितो असं कबूल केल्यावर मी मामांना इतक्या वर्षांचा प्रश्न विचारला. "त्या दिवशी तुम्ही स्वतः का बोलला नाहीत? एका वाक्यात सांगता आलं असतं."

"पुढचं वचन तुमच्याकडं होतं, मास्तर," ते म्हणाले.

मी मान खाली घातली. मला वाटलं, झालं. पण मामांचं संपलं नव्हतं. शेंगांची पाटी त्यांनी बाजूला ठेवली.

"चूक माझी बी झाली. आपल्या घरची रीत म्या परक्या पंगतीत चालवली. माझं काय व्हायचं ते होऊ द्या, असं म्हणून बसलो. पण निकाल काय माझ्या एकट्याचा होता? सुंदराबाईच्या हाताचा बी होता. तिच्यासाठी म्या रीत मोडून बोलायला पाहिजे होतं. न्हाई बोललो. मला माझी रीत प्यारी झाली." त्यांचे डोळे भरून आले. मामांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. सदोदित दुसऱ्याची बाजू वाचणारा हा माणूस एवढी वर्षं हेही उशाशी घेऊन झोपत होता, आणि मला वाटत होतं की पश्चात्तापाची मक्तेदारी माझी एकट्याची आहे.

मी वरच्या सभेला पत्र लिहिलं आहे. माझी साक्ष अर्धी होती, उरलेली अर्धी सोबत जोडली आहे, असं कळवलं आहे. सभेचं उत्तर सौजन्याचं आलं. पाळकांनी स्वतः अर्ज केल्यास फेरविचार होऊ शकेल. मामांना दाखवलं. त्यांनी उजवा हात माझ्यासमोर धरला. तो आता सारखा हलतो. म्हणाले, "अर्ज करून काय करू? प्याला सांडंल माझ्या हातून. ते जाऊ द्या. तुमी आधी सिद्धेश्वरला जाऊन या."

गेलो. सुंदराबाई आता ऐंशीच्या घरात आहेत, नजर अधू झाली आहे. आवाजावरून मला ओळखलं. पुतणसून चहा ठेवायला आत गेली. मी सांगितलं, "बाई, भिकाजीबाबांचं वाया गेलं नाही. त्या दिवशी मीही तुमच्या हातून घेतलं. त्यानंतर देवळात किती तरी वेळा घेतलं, मोठमोठ्यांच्या हातून घेतलं, पण तसं पुन्हा लाभलं नाही. मी खोटं सांगत असेन तर प्रभू बघतो आहे."

त्यांनी माझा हात चाचपून धरला. मग म्हणाल्या, "मंग हे त्या दिवशी साहेब लोकायला काहून न्हाई सांगितलं, लेकरा?"

साठी ओलांडलेल्या माणसाला लेकरू म्हणून त्यांनी विचारलं, म्हणून जास्तच लागलं.

मामा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांना उदंड आयुष्य आणि निरोगी काया लाभो, ही प्रार्थना या ग्रंथात पानोपानी असेल आणि ती सगळ्यांची मनापासूनची असेल. माझी प्रार्थना थोडी स्वार्थी आहे. हे सगळं मी कागदावर लिहू शकलो, देवळात उभं राहून मोठ्याने अजून बोललेलो नाही. तुमच्या सत्काराच्या दिवशी बोलेन असं ठरवलं आहे, पण माझं धाडस तुम्ही पाहिलेलं आहे, मामा. त्या दिवशी जमलं नाही तर पुढच्या वर्षी, नाहीतर त्याच्या पुढच्या. येशुदासरावही दारातून आत यायचे आहेत. तुम्ही फार वर्षं राहा. आमच्यासारख्यांना माफी मागायला पोहोचेपर्यंत फार उशीर होतो, आणि तेव्हा तुम्ही घरी असायला हवेत.